इलेक्ट्रिक गिटारचे नेटके वायरिंग : घरच्या घरी करावयाचा एक अभ्यास

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत गिटारविषयी लेख पाहून काही सभासदांना नवल वाटण्याचा संभव आहे. तथापि आपल्या बऱ्हाणपुरातील मराठी घरांत आता हार्मोनियम-तबल्याच्या जोडीला गिटारही येऊन बसली आहे. नववी-दहावीत गेलेल्या मुलामुलींना ती हवी असते आणि वाढदिवसाला किंवा परीक्षेच्या निकालानंतर ती घरात येते. दोन-तीन वर्षांत मात्र वाद्य खरखर करू लागते, आवाज मधूनच नाहीसा होतो, बटण फिरविले की कर्कश आवाज येतो. जवळपास जाणता कारागीर सापडत नाही आणि वाद्य कपाटावर जाऊन पडते. वास्तविक पुष्कळदा दोष एखाद्या सुटलेल्या तारेचा अथवा कच्च्या जोडाचा असतो आणि तो घरी, रविवारच्या एका दुपारीत, दुरुस्त होऊ शकतो.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने या विषयाकडे वळण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, किशोरवयीन मुलांच्या हातांना बारीक, संथ, लक्षपूर्वक करावयाचे काम आज फारसे मिळत नाही. ते येथे विपुल आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या ज्या तारांवर मूल बोटे ठेवते, त्या तारा वाद्याच्या आतून, केबलमधून आणि अँप्लिफायरमधून थेट घराच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ही जोडणी अखंड असेल तर वाद्य शांत राहते आणि वादक सुरक्षित राहतो. ती कोठे तुटली आहे हे न कळणे मात्र प्रसंगी जिवावर बेतते. प्रस्तुत लेखात वायरिंगची कृती सांगताना हे एकच सूत्र सर्वत्र धरून ठेवले आहे.

१. थोडा इतिहास

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मांडले. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो, हे ते तत्त्व. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी त्याचा उपयोग गिटारसाठी केला. १९३१ साली सिद्ध झालेले त्यांचे वाद्य तव्यासारखे दिसत असल्याने ‘फ्राइंग पॅन’ या नावानेच ओळखले गेले; त्याचे पेटंट १९३७ साली मिळाले. लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार १९५० साली बाजारात आली, तर आजही सर्वाधिक अनुकरण होणारी ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ साली. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ पिकअप तयार केला. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

भारतीय श्रोत्यांना या वाद्याची गोडी हजारा सिंग आणि व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांनी लावली. चित्रपटगीतांच्या चाली त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजविल्या आणि त्या घरोघरी ऐकल्या गेल्या. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील ‘दम मारो दम’ गीतामधील गिटार भूपिंदर सिंग यांची. महाराष्ट्रातील गणेशोत्सवात आणि लग्नाच्या वरातीत वाजणारा बेंजो हाही या कुळातलाच. मूळ जपानी ‘ताइशोगोतो’ या १९१२ च्या वाद्यावरून आपल्याकडे बुलबुलतरंग आला आणि मिरवणुकीत आवाज पुरेना म्हणून कारागिरांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसविला. म्हणजे ज्याला गिटारचे वायरिंग समजले, त्याला बेंजोचेही समजले असे म्हणावयास हरकत नाही.

२. वाद्याची शरीररचना

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात मुख्यतः पाच अवयव असतात.

(अ) पिकअप : चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब साधारणतः व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यामुळे गिटारच्या आतील काम करताना विजेचा धक्का बसण्याचे भय नाही. मात्र त्या वेळी केबल काढून ठेवलेली असली पाहिजे.

(आ) व्हॉल्यूमचा पॉट : तीन पायांचा बदलता रोधक. एका वेटोळ्याच्या पिकअपसाठी सामान्यतः २५० किलो-ओहमचा आणि हमबकरसाठी ५०० किलो-ओहमचा पॉट वापरतात. त्यावर ‘ए’ अक्षर असेल तर तो लॉगरिदमिक असतो. आपले कान आवाजाची वाढ याच प्रमाणात जाणतात, म्हणून व्हॉल्यूमसाठी तो निवडावा.

(इ) टोनचा पॉट व कपॅसिटर : कपॅसिटर उच्च कंपनसंख्येच्या लहरींना सहज वाट देतो आणि मंद लहरींना अडवितो. टोनचे बटण कमी केले की तीक्ष्ण लहरी कपॅसिटरमधून अर्थकडे निघून जातात आणि आवाज मवाळ होतो. त्याचे मूल्य बहुधा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड असते.

(ई) निवड-स्विच : एकाहून अधिक पिकअप असल्यास त्यांपैकी कोणता चालू राहील हे ठरविणारा.

(उ) जॅक : केबल बसविण्याचे तोंड. त्याच्या आतील वाकडी लांब पट्टी प्लगच्या टोकाला स्पर्श करते, ती संदेशाची वाट. भोवतालची गोल कडी प्लगच्या दांड्याला स्पर्श करते, ती अर्थची वाट.

एवढे ध्यानात घेतले की सारी रचना एका वाक्यात सांगता येते : पिकअपमधून निघालेला संदेश व्हॉल्यूममधून जॅकच्या लांब पट्टीकडे जातो आणि पिकअप, पॉट, कपॅसिटर, ब्रिज या सर्वांच्या अर्थच्या तारा एकत्र येऊन जॅकच्या कडीला मिळतात.

३. घरघर कोठून येते?

डॉक्टर वाचकांना हा भाग समजावयास विशेष सोपा जाईल. ईसीजी काढताना उजव्या पायाचा इलेक्ट्रोड सैल असला की कागदावरील रेषा जाड आणि दातेरी दिसू लागते. नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रतिसेकंद या वेगाने प्रत्येक लहान चौकोनात असे दोन दाते मोजता येतात. ही भिंतीतील विजेची ५० हर्ट्झची लहर असते आणि रुग्णाचे शरीर ती अँटेनाप्रमाणे गोळा करीत असते. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड नीट बसविताच रेषा स्वच्छ होते.

गिटारमध्ये नेमके हेच घडते. वादकाचे शरीर आसपासच्या तारा, पंखे, ट्यूबलाइट यांची लहर गोळा करते आणि पोटाशी धरलेल्या वाद्यात ती उतरविते. वाद्याच्या तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतील, तर त्यांवर बोट टेकताच शरीरही त्या जोडणीत सामील होते आणि घरघर ओसरते. गिटारची तार येथे उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडचे काम करते. ‘हात काढला की घरघर वाढते आणि लावला की थांबते’ अशी तक्रार पुष्कळ पालक घेऊन येतात. त्यांनी निश्चिंत व्हावे. ब्रिजची तार शाबूत असल्याचे ते चिन्ह आहे. हात लावल्यावर घरघर वाढत असेल, तर मात्र ब्रिजची तार अथवा जॅकची जोडणी उलटी किंवा तुटलेली असण्याचा संभव आहे.

हमबकर पिकअपची युक्तीही ईसीजी यंत्राच्या जातीची आहे. त्यातील दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळलेली आणि त्यांचे चुंबक उलट ध्रुवांचे असतात. बाहेरून आलेली लहर दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध येऊन नष्ट होते. तारेच्या कंपनाचा संदेश मात्र एकमेकांत मिसळून वाढतो. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या शहरातील वादकांना हा भेद विशेष जाणवेल, कारण मोटारी जेथे अहोरात्र चालतात तेथे एका वेटोळ्याचा पिकअप अधिक कुरकुरतो.

४. साहित्य

सोल्डरिंगसाठी २५ वॅटचे आयर्न तारांना पुरते; पॉटच्या पाठीवर सोल्डर बसविण्यासाठी ४० वॅटचे असल्यास काम लवकर उरकते. पोटात राळ असलेली बारीक सोल्डरची तार घ्यावी. पत्र्याच्या कामाचे आम्लयुक्त फ्लक्स मुळीच वापरू नये. त्याने काही महिन्यांत जोड खाल्ला जातो. याशिवाय लाल (किंवा पांढऱ्या) आणि काळ्या रंगाची बहुतारी लवचिक वायर, आक्रसणारी प्लास्टिकची नळी, वायर सोलण्याची पक्कड, बारीक पॉलिश पेपर, जाड पुठ्ठा, साधा डिजिटल मल्टिमीटर, जुना सुती कपडा आणि डोळ्यांसाठी पारदर्शक चष्मा एवढे जमवावे. पिकअप वगळता हे सर्व साहित्य इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळण्यासारखे आहे.

५. कृती

येथे एक पिकअप, एक व्हॉल्यूम व एक टोन अशी मूलभूत जोडणी सांगितली आहे. ती हाताखालून गेली की स्विच असलेली जोडणी अवघड वाटत नाही.

पहिली पायरी : तारा सैल करून काढाव्यात. झाकण उघडल्यावर काहीही तोडण्याआधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. शस्त्रक्रियेपूर्वी जुने अहवाल जवळ ठेवावेत तसेच हे आहे. वाद्याच्या अंगावर कपडा पसरावा. सोल्डरचा एक थेंब पॉलिश कायमचे बिघडवितो.

दुसरी पायरी : पुठ्ठ्यावर गिटारच्या पोकळीचा आकार व पॉटच्या छिद्रांच्या जागा उतरवून घ्याव्यात आणि पॉट त्या पुठ्ठ्यातच बसवावेत. बहुतेक जोडणी येथे, मोकळ्या जागेत, करून घ्यावी आणि तयार झालेला संच उचलून वाद्यात ठेवावा. नेटकेपणाचे निम्मे श्रेय या पुठ्ठ्याला असते.

तिसरी पायरी : प्रत्येक पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासावी. आयर्न आधी धातूवर टेकवावे, धातू तापला की सोल्डर धातूला लावावे. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून थेंब टाकू नये. वायरची टोकेही प्रथम सोल्डरने भिजवून घ्यावीत. पॉटच्या पायांवर दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ उष्णता देऊ नये, अन्यथा आतील कार्बनची पट्टी बिघडते. जोड निवेपर्यंत हलवू नये. उत्तम जोड गुळगुळीत, चकचकीत व कडेला पसरलेला दिसतो. दाणेदार, मंद, गोळीसारखा दिसणारा जोड कच्चा समजून पुन्हा तापवावा.

चौथी पायरी : पॉट पाठीकडून पाहावा आणि त्याचे तीन पाय आपल्याकडे येतील असा धरावा. व्हॉल्यूमच्या पॉटचा उजवा पाय वाकवून पाठीला सोल्डर करावा, हा अर्थ. डाव्या पायाला पिकअपची संदेशवाहक तार जोडावी. मधल्या पायातून जॅकच्या लांब पट्टीकडे तार न्यावी.

पाचवी पायरी : टोनच्या पॉटचाही उजवा पाय पाठीला जोडावा. व्हॉल्यूमच्या डाव्या पायापासून कपॅसिटर टोनच्या मधल्या पायापर्यंत न्यावा. टोनचा डावा पाय मोकळा राहतो. कपॅसिटरच्या उघड्या पायांवर नळी चढवावी.

सहावी पायरी : आता काळ्या तारा. पिकअपची अर्थची तार, टोनच्या पॉटच्या पाठीवरून आलेली तार, ब्रिजखालून आलेली तार आणि जॅकच्या कडीकडे जाणारी तार अशा चारही व्हॉल्यूमच्या पाठीवर एकत्र आणाव्यात. हे त्या वाद्यातील अर्थचे केंद्र होय. स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारमध्ये ब्रिजची तार मागील बाजूस स्प्रिंगांच्या धातूच्या पट्टीला सोल्डर केलेली असते. स्थिर ब्रिजच्या गिटारमध्ये तिचे सोललेले टोक ब्रिजखाली दाबलेले असते. ही एक तार नसली तरी गिटार वाजते, म्हणूनच घाईच्या कामात ती विसरली जाते. तिला सर्वांत आधी हात घालावा.

सातवी पायरी : शक्य असल्यास पोकळीच्या भिंतींना तांब्याचा चिकटपत्रा लावावा, त्याच्या कडा एकमेकांवर येऊ द्याव्यात आणि एका तारेने त्यास अर्थच्या केंद्राशी जोडावे. लांब पट्टी या पत्र्याला टेकली तर आवाज पूर्ण बंद होतो, म्हणून जॅकभोवती पुरेशी जागा राखावी.

आठवी पायरी : संदेशाची व अर्थची तार एकमेकींभोवती सैल पीळ देऊन न्याव्यात. प्रत्येक तारेस दोन-तीन सेंटिमीटर ढील असू द्यावी. फार ताणलेली तार जोडापाशी तुटते आणि फार लांब तार गुंत्यात अडकते. जॅकचे नट घट्ट करताना आतील जॅक हाताने धरावा. जॅक आत फिरत राहिला तर तारा पिळवटून तुटतात, आणि गिटारमधला हा फार नेहमीचा बिघाड आहे.

हमबकरला चार-पाच तारा असतात व त्यांचे रंग प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असतात. तेव्हा अंदाजाने न जोडता सोबतचा तक्ता पाहावा.

६. तपासणी

झाकण लावण्यापूर्वी मल्टिमीटरने पुढील चार तपासण्या कराव्यात. केबल गिटारला लावावी; दुसरे टोक अँप्लिफायरला न लावता मोकळे ठेवावे आणि त्या प्लगवर मोजमाप घ्यावे.

एक, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून प्लगचे टोक व दांडा यांमधील रोध मोजावा. एका वेटोळ्याच्या पिकअपचा तो सुमारे ५ ते ८ किलो-ओहम येतो, हमबकरचा सामान्यतः त्याहून अधिक. अनंत रोध आला तर वाट कोठेतरी तुटली आहे. दोन, व्हॉल्यूम शून्यावर आणावा. रोध शून्याजवळ आला पाहिजे. तीन, प्लगचा दांडा आणि ब्रिज यांमधील रोध मोजावा. तोही एक-दोन ओहमच्या आत असावा. चार, नव्या तारा चढविल्यावर हीच मोजणी प्रत्येक तारेवर करावी.

यांपैकी तिसरी व चौथी तपासणी मुलाकडून स्वतः करवून घ्यावी आणि आकडे वहीत तारखेनिशी लिहावयास सांगावे. पुढे कधी वाद्य बिघडले तर या नोंदीशी तुलना करता येते. त्यानंतर केबल बॅटरीवर चालणाऱ्या लहान अँप्लिफायरला लावावी आणि पिकअपवर लहान स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करावी. स्पष्ट ‘टक’ ऐकू आली की काम पूर्ण झाले असे समजावे.

७. भिंतीतील तिसरे भोक

आतापर्यंत जे केले त्याने गिटारची तार केबलच्या दांड्यापर्यंत आली. तेथून पुढे अँप्लिफायरची धातूची पेटी, तीन पिनांचा प्लग, भिंतीतील सॉकेटचे मोठे भोक आणि अंगणातील अर्थिंगचा खड्डा असा तिचा प्रवास आहे. आपल्या गावचा मुघलकालीन कुंडी भंडारा येथे आठवतो. त्यातील उभ्या कुंड्या भूमिगत वाटेने एकमेकींना जोडलेल्या आहेत. मधली वाट बुजली तर पुढच्या कुंडीत पाणी पोहोचणार नाही, आणि वरून पाहणाऱ्यास ते समजणारही नाही. अर्थिंगचेही असेच आहे. गिटारचे काम कितीही सुबक झाले तरी भिंतीतील तिसरे भोक रिकामे असेल तर ते अपुरेच.

अँप्लिफायरच्या आत दोष उत्पन्न होऊन फेज पेटीला टेकली आणि अर्थ शाबूत असला, तर मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर ती पेटी, केबलचा दांडा, ब्रिज आणि सहाही तारा २३० व्होल्टवर येतात व मुलाच्या बोटांची वाट पाहात राहतात. अशा वेळी दुसरा हात किंवा ओठ मायक्रोफोनला लागले तर प्रवाह छातीतून जातो. सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात, १० च्या आसपास स्नायू आवळून हात सुटत नाही आणि ५० ते १०० मिलिअँपिअरच्या टप्प्यात व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनचा धोका उभा राहतो, हे डॉक्टरांना सांगावयास नको.

हे भय काल्पनिक नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी याचा हात गिटार अंगावर असताना मंचावरील मायक्रोफोनला लागला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. १९७६ च्या मे महिन्यात ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ हा स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजविताना सदोष अर्थिंगमुळे दगावला. एक मंचावर, दुसरा घरात.

आपल्याकडे भाद्रपदात गणपतीचा मांडव पडतो, तेव्हा पाऊस असतो, जमीन ओली असते, मुले अनवाणी असतात आणि वीज तात्पुरत्या वायरने कोठून तरी आणलेली असते. गिटार एका सॉकेटवर आणि मायक्रोफोनची यंत्रणा दुसऱ्याच घरातून आलेल्या विजेवर, हा प्रकार सर्रास आढळतो. पालकांनी व मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) प्लगची मोठी पिन कधीही तोडू नये आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये काड्या खोचून बसवू नये. घरघर कमी होते म्हणून अर्थ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

(२) मंचावरील गिटारचा अँप्लिफायर आणि मायक्रोफोनची यंत्रणा एकाच वीजजोडणीवर घ्यावी.

(३) त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. सामान्य एमसीबी अतिरिक्त भारापासून वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तो तुटतो की नाही हे कार्यक्रमापूर्वी पाहावे.

(४) जुन्या पेठांतील घरांत जेथे दोनच तारांचे जुने वायरिंग आहे, तेथे परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थिंग करून घेईपर्यंत मुलास बॅटरीवरील अँप्लिफायरच द्यावा. कोळसा-मिठाचा खड्डा असल्यास निमाडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे, कारण माती सुकली की तिचा रोध वाढतो.

(५) गिटार उघडावी, अँप्लिफायर मात्र उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरांत, विशेषतः व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये, घातक दाब शिल्लक असू शकतो.

(६) कोणास धक्का बसल्यास त्याला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. श्वास व हालचाल नसेल तर १०८ ला कळवावयास सांगून तत्काळ छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे शिकविणे आपणा डॉक्टरांचे काम आहे.

८. घरात लहान भावंड असेल तर

काम करणारे मूल बारा-तेरा वर्षांचे असते, परंतु घरात दीड-दोन वर्षांचे भावंडही असू शकते. सोल्डरमध्ये बहुधा ४० टक्के शिसे असते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका बोटांना व टेबलाला लागलेल्या कणांचा आहे. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या चार ते पाच पट अंश शोषून घेते आणि रक्तात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून दूर करावयास हवा. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. वर्तमानपत्र अंथरावे, ते नंतर गुंडाळून टाकावे, टेबल ओल्या कपड्याने पुसावे आणि साबणाने हात धुतल्याखेरीज काहीही खाऊ नये. शिसेविरहित सोल्डर मिळते; त्यास किंचित अधिक उष्णता लागते, एवढेच.

राळेच्या धुराने दमेकरी मुलास त्रास होतो. खिडकी उघडी ठेवावी व धूर तोंडावर घेऊ नये. आयर्नचे टोक तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्यामुळे त्यास स्टँड हवाच. भाजल्यास जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. शेवटची सूचना गिटारच्या चिमट्यासारख्या ट्यूनरविषयी. त्यात नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली व अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच तेथे गंभीर इजा होऊ शकते. बदललेली बॅटरी टेबलावर ठेवू नये. आणि मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी ‘पडेल शौचावाटे’ म्हणून न थांबता एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

समारोप

शेजारच्या खंडव्याने किशोरकुमारांसारखा गायक दिला. आपल्याही घरांतून उद्या कोण वादक निघेल हे आज सांगता येणार नाही. मात्र ज्या मुलाने आपल्या वाद्याची प्रत्येक तार स्वतः जोडली, मोजली आणि वहीत नोंदली, ते वाद्य वाजविण्यापूर्वी भिंतीतील तिसऱ्या भोकाकडे पाहील, एवढे निश्चित. येत्या गणेशोत्सवापूर्वी आपल्या घरातील व मंडळाच्या मांडवातील अर्थिंग वीजतंत्रीकडून एकदा तपासून घ्यावे, ही सर्व वाचकांना विनंती. अर्ध्या तासाचे काम आहे; ते आधी करावे आणि मग मुलांना मनसोक्त वाजवू द्यावे.